दहापैकी किती

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात गुडघे टेकून काढली होती, कारण फरशी काही उभ्याने बसवता येत नाही. त्या गुडघ्यांनी आता साफ असहकार पुकारला होता. आणि इकडे लेकीचं नवं स्वयंपाकघर वर्षभर उघड्या सिमेंटवर त्यांची वाट बघत होतं. "फरशी बाबाच बसवतील," असं ती आल्यागेल्याला सांगायची. जावई बिचारा त्या खडबडीत जमिनीवर अनवाणी उभा राहून चहा करायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मिस्त्री मात्र आज-उद्या करत होते. 'मला जमणार नाही' एवढं म्हणणं काही त्यांच्या घशातून वर येत नव्हतं.

म्हणून हे लेझरचे उपचार. फिजिओथेरपिस्ट लेकीच्याच वयाची होती. दोघांनी गडद चष्मे लावायचे, तिने पेनाएवढी कांडी गुडघ्याला ठिकठिकाणी टेकवायची, यंत्राने 'टुक' करायचं, की संपलं. ना चटका, ना झिणझिण्या.

"काहीच होत नाहीये," मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले.

"तसंच असतं काका. कमी ताकदीचा प्रकाश आहे, तापत नाही. झालेली झीज भरून येणार नाही, पण दुखणं कमी होऊ शकतं. आणि मी सांगते ते मांडीचे व्यायाम घरी करायचेच."

घाम न गाळता होणारं काम मिस्त्रींच्या पचनी पडेना. पण दर वेळी ती विचारायची, "दहापैकी किती दुखतंय?" आणि तिथे त्यांना वाट दिसली. पहिल्या दिवशी त्यांनी आठ सांगितले, मग सहा, मग चार, मग दोन. गुडघा होता तिथेच होता, उतरत होता तो नुसता आकडा. तो शून्यावर आला की ही बाई गुडघे टेकायची परवानगी देणार, असा त्यांचा सरळ डाव होता. ती दर वेळी खूश होऊन व्यायाम वाढवायची आणि घरी ते करताना मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायचे.

पाचव्या वेळी पलंगाकडे जाताना त्यांची काठी एका फरशीवर आपटली आणि मिस्त्री जागच्या जागी थांबले. पुन्हा एकदा ठोकून बघितलं.

"ही पोकळ आहे."

"वरून तर छान दिसतेय."

"वरून सगळ्याच छान दिसतात. हिच्याखाली सिमेंटचा माल नीट भरलेला नाही. काही जड पडलं की तडकणार."

"आणि गिऱ्हाईक म्हणालं, राहू दे, दिसत तर नाही?"

"मी ऐकत नाही. काढतो आणि परत बसवतो."

तिने हातातला चष्मा खाली ठेवला. "काका, ज्याचं दोन दुखतं तो पलंगावर चढताना ओठ चावत नाही. खरं किती?"

मिस्त्रींनी छताकडे बघितलं. तिथे ठोकून बघण्यासारखं काही नव्हतं.

"आठ."

ती रागावली नाही, आणि म्हणून त्यांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं. "तुमच्या दोनावर भरवसा ठेवून मी व्यायाम वाढवत होते," ती म्हणाली. "दुखणारच की मग." तेव्हा मिस्त्रींनी स्वयंपाकघराची सगळी गोष्ट सांगून टाकली. तिने व्यायाम पुन्हा पहिल्यावर आणले आणि म्हणाली, "हा आकडा घरीही सांगा."

त्यांनी त्याच संध्याकाळी लेकीला सांगितला.

"मला वाटलं, तुम्हाला आमच्याकडे यायचंच नाहीये," ती म्हणाली. "एवढंच होतं तर सांगायचं ना, बाबा. तुम्ही दाखवा, मी बसवते."

वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं असं एका वाक्यात उतरलं. मिस्त्रींना त्या रात्री गाढ झोप लागली.

पुढच्या आठवड्यांत आकडा सातावर आला, मग पाचावर, मग चारावर अडला. तो लेझरने उतरला की व्यायामाने, कोण जाणे; मिस्त्री आता दोघांनाही मान द्यायला तयार होते. जाड गादी घेऊन दहा मिनिटं गुडघे टेकायला परवानगी मिळाली, त्याहून एक मिनिट जास्त नाही.

फरशीला चार दिवस लागले. मिस्त्री स्टुलावर, लेक जमिनीवर. "ताणलेली दोरी बघ, दोरी. फरशी तुझ्या मर्जीने नाही चालत." लेक हसायची आणि पुन्हा बसवायची. खिडकीजवळची शेवटची फरशी तेवढी मिस्त्रींनी स्वतः गुडघे टेकून बसवली.

दोन दिवसांनी त्यांनी काठीने एकेक फरशी ठोकून बघितली. लेकीच्या सगळ्या भरीव वाजल्या. खिडकीजवळची पोकळ वाजली. जास्त दुखणारा पाय वाचवताना त्यांचा भार फरशीच्या एकाच बाजूला पडला होता.

"राहू द्या ना," जावई वर्षभरात पहिल्यांदाच मध्ये बोलला. "वर फ्रिज येणार आहे. कोणाला दिसतंय?"

"काढ ती," मिस्त्री लेकीला म्हणाले. "आणि तूच बसव. मी गुडघे टेकले की चुकतं."

तिने ती काढली, माल भरून परत बसवली आणि दोन दिवसांनी मुठीने ठोकली. मिस्त्री गुडघे टेकून, मान वाकडी करून ऐकत होते. भरीव. इतका गोड आवाज त्यांनी स्वतःच्या हातूनही क्वचित काढला होता.

लेकीने उठवायला हात पुढे केला. "किती?"

"चार," ते म्हणाले आणि तिचा हात धरून उठले.