म्हशीचं औषध

मित्रांनो, मी एक जुनी, तापट डोक्याची गिनीपिग हाय. नाव बुंदी, मुक्काम निपाणी. मी ससा न्हाय, उंदीर न्हाय, घुशीचं पिल्लू तर मुळीच न्हाय. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरी येणारा पाहुणा ह्या तिन्हीतलं एक काहीतरी म्हणतोय आणि मगच चहाला हात लावतोय.

माझा आणि माझी बहीण चिक्की हिचा जन्म बेळगावात, शहापूरच्या एका बोळातल्या दुकानात झाला. पिंजऱ्यात एवढी दाटी की आपलं अंग कुठं संपतंय आणि शेजारणीचं कुठं सुरू होतंय ते कळायचं न्हाय. खाली भुसा कायम ओला. आमच्या दुखण्याची पेरणी तिथंच झालती, पण ते लई मागनं कळलं.

परशराम म्हणून एक माणूस आला. तो बेळगावाजवळ मच्छे गावात कारखान्यात कामाला, शनिवारी निपाणीला घरी जाणारा. लेकीचा, म्हणजे अक्षताचा, वाढदिवस हुता. त्यानं आम्हा दोघींना खोक्यात घातलं आणि बस धरली.

"येनिदु? खोक्यात काय हाय?" कंडक्टरनं आधी कानडीत, मग मराठीत विचारलं.

"ससं हाईत."

"सशाचं बटन न्हाय तिकिटाच्या मशिनमधी."

"मग?"

"कोंबडी करतो."

तर मित्रांनो, निपाणीत मी उतरले ती कोंबडी म्हणून. पुढं माणसांनी मला जे जे समजलं, त्यात कोंबडी त्यातल्या त्यात बरी म्हणायची.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, खोटं कशाला बोलू. फ्रीज उघडला की आम्ही दोघी "कुईक कुईक" ओरडायचो आणि अक्षता कोथिंबीर घेऊन यायची. तिची आई माधवी फोनवर आमचं शूटिंग करून सगळ्या माहेराला पाठवायची. अक्षताचे आजोबा मारुतीराव, म्हणजे आप्पा, माझ्या पाठीवरनं बोट फिरवून म्हणायचे, "काय मऊ हाय गं. मखमल हाय मखमल."

मग कौतुक शिळं झालं. कोथिंबिरीच्या जागी भाकरीचा वाळका तुकडा आला. भुसा बदलायचा दिवस आजचा उद्यावर, उद्याचा परवावर गेला. आणि माझ्या पाठीला खाज सुटली.

खाज म्हणजे तुम्हाला डास चावल्यावर सुटती तसली न्हाय. कातडीच्या आत कुणीतरी कुदळ मारतंय अशी. मी मागच्या पायानं खाजवायचे, रक्त निघंस्तोवर. पाठीवरचे आणि मांडीवरचे केस झडले, खाली पांढरा कोंडा आणि खपल्या. चिक्कीचं बी तेच. हात लावला की आम्ही किंचाळायचो. ह्याहून सोप्या भाषेत जनावरानं काय सांगावं? पण त्या घरात एकापेक्षा एक हुशार माणसं हुती. सगळ्यांना उत्तर माहीत हुतं, फक्त बघायला कुणाला वेळ न्हवता.

परशरामनं माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःच्या डोक्यावरनं हात फिरवला. "उन्हाळ्यानं गळत्यात केस. माझं बी गळल्यात."

"तुमचं बारा महिने उन्हाळाच हाय," माधवी म्हणाली.

शेजारच्या जयाबाईनं निदान केलं ते दृष्टीचं. "व्हिडिओ पाठवत सुटलीस गावभर. लागली की न्हाय नजर?" तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धूर झाला, आम्ही दोघी शिंकून शिंकून बेजार. जयाबाई म्हणाली, "बघ, उतरली." मला त्या बाईच्या पायाला चावायचं हुतं, पण पिंजऱ्याची कडी बाहेरनं असती.

मग माधवीनं खोबरेल तेलात हळद कालवून चोपडली. आम्ही दोघी पिवळ्याधमक. संध्याकाळी एक पाहुणा येऊन म्हणाला, "ह्यांच्यावर भंडारा उधळलाय व्हय?" रात्रीत त्या तेलाला मुंग्या लागल्या. आधी कातडीच्या आतनं चावत हुतं, आता बाहेरनं बी चावायला लागलं.

मुंग्या घालवायला आंघोळ आली. कोंड्याच्या शाम्पूनं, माणसांच्या. वरनं केस वाळवायचं मशीन. त्या गरम वाऱ्यात मला झटका आला. मान मागं, पाय ताठ. मित्रांनो, तवा त्या घरानं काय केलं असंल? परशरामनं पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. फिट आली की चप्पल हुंगवायची, हे त्यानं लहानपणापासनं बघितलेलं. चप्पल माझ्यापेक्षा मोठी. मी शुद्धीवर आले ती औषधानं न्हाय, श्वास कोंडला म्हणून आले.

इथपर्यंत तुम्ही हसला असाल तर हसा. इथनं पुढं मी हसत न्हाय.

निपाणीत तंबाखू म्हणजे काय, हे निपाणीकराला विचारा. आप्पांची सगळी हयात तंबाखूच्या रानात आणि वखारीत गेली. म्हशीला गोचीड झाली, बैलाला उवा झाल्या, की तंबाखूचा पाला उकळायचा आणि ते काळं पाणी अंगाला चोळायचं. त्यांच्या बापानं केलं, त्यांनी केलं. गावात कुणाच्या जनावराला खाज सुटली की लोक आप्पांनाच विचारायला यायचे, आणि त्याचा त्यांना लई मान हुता.

"इतके दिवस ह्या बायकांनी नुसता खेळ लावलाय," आप्पा म्हणाले. "किडा हाय तो. किड्याला तंबाखू."

किडा हाय, एवढं त्यांनी बरोबर ओळखलं. माझा जास्त राग त्याचाच हाय. साफ चुकणारा माणूस परवडतो, त्याच्या औषधानं जीव तरी जात न्हाय.

"आप्पा, ह्या लई लहान हाईत," अक्षता म्हणाली.

"लहान हाईत म्हणून तर पातळ केलंय. म्हशीला काय हुईत न्हाय, ह्यांना काय हुतंय?"

आधी चिक्कीला घेतलं. ती माझ्यापेक्षा शांत हुती, ओरडली न्हाय, म्हणून तिला आधी. काळं पाणी तिच्या उघड्या जखमांवरनं खाली गेलं. तिनं अंग चाटलं. आम्ही चाटणारच, ओलं झालं की चाटायचं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत न्हाय. मग तिच्या तोंडातनं लाळ यायला लागली. अंग थरथरायला लागलं. ती माझ्याजवळ सरकत आली, डोकं माझ्या पोटाखाली घातलं, आणि तिचा थरथराट थांबला. मला वाटलं बरं वाटलं तिला. आप्पांचा चहा अजून कपातच हुता.

आप्पांनी तिला उचललं, परत ठेवलं. मग म्हणाले, आणि हे वाक्य मी मरेपर्यंत इसरणार न्हाय, "दुसरीला अजून जरा पातळ करू."

अक्षतानं पिंजरा उचलला, न्हाणीत गेली आणि आतनं कडी घातली.

"दार उघड गं," माधवी म्हणाली.

"न्हाय."

"अक्षता, उघड. आप्पा काय करणार न्हाईत."

"आप्पांना तुमच्यातलं कुणी थांबवलं? बुंदीला दवाखान्यात नेतो म्हणा. तवर मी न्हाय उघडत."

"उद्या नेऊ की."

"मग उद्या उघडते."

बाहेर सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं असणार. मी आत हुते, तिच्या मांडीवर, टॉवेलात. तिच्या मनगटावर बी लाल पुरळ उठलेला, ती तो खाजवत हुती आणि रडत हुती. शेवटी परशराम दाराला तोंड लावून म्हणाला, "चल, बेळगावची बस धरू." जाताना आप्पा बी निघाले. त्यांना कुणी या म्हटलं न्हवतं.

बेळगावच्या डॉक्टर मैत्री कांबळे लहान जनावरं बघायच्या. अक्षतानं त्यांना माझी खाज आणि झटका सांगितला. त्यांनी आधी मला काट्यावर ठेवलं. मग केस उलटे करून कातडी बघितली, पात्यानं थोडी खपली खरवडली आणि काचेवर घेऊन यंत्राखाली धरली.

"या, बघा," त्या म्हणाल्या.

आप्पांनी एक डोळा मिटून बघितलं. "हालतंय की हे."

"खरजेचा किडा आहे. कातडीच्या आत बिळं करून राहतो. दुकानातनंच आला असेल. खाणं निकृष्ट झालं, घाण वाढली, की जोर धरतो. खाज एवढी वाढते की झटके येतात. ती फिट नव्हती, तो त्रास होता."

"मग तंबाखूनं किडा मरतोय की न्हाय?"

"मरतोय आप्पा. जनावरासकट मरतोय. तंबाखू कातडीतनं रक्तात जाते, चाटली की पोटात जाते."

आप्पा परत यंत्रात बघायला लागले. तिथं आता बघण्यासारखं काय न्हवतं, पण त्यांना दुसरीकडं कुठं बघता येईना.

डॉक्टरांनी माझ्या वजनाच्या हिशोबानं सुई दिली, आणि काही दिवसांनी परत आणायला सांगितलं, कारण अंड्यातनं नवे किडे निघतात. पिंजरा गरम पाण्यानं धुवायचा, भुसा सगळा फेकायचा, नखं कापायची. अक्षताचा पुरळ मी बरी झाले की जाईल, नाहीच गेला तर तिच्या डॉक्टरला दाखवायचा. गिनीपिगच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत न्हाय, म्हणून रोज ढबू मिरची, पेरूचा तुकडा आणि वाळकं गवत. भाकरी बंद.

"आणि नाकापासनं गोल चट्टे पडायला लागले, तर ती बुरशी असते," त्या म्हणाल्या. "तिचं औषध वेगळं. दिसायला सगळी खाज सारखीच. म्हणून घरात ओळखायला जाऊ नका. कुत्र्याच्या गोचिडाची पावडर तर अजिबात नको."

"दोघी हुत्या," अक्षता म्हणाली.

"दुसरी कुठाय? तिलाही सुई द्यावी लागेल."

अक्षतानं आप्पांकडं बघितलं, आणि डॉक्टरांना उत्तर मिळालं.

मी बरी झाले. केस आले, आधीपेक्षा जरा राठ, पण आले. आणि घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. पाहुणा विचारायचा, "दोन हुती न्हवं? एक कुठाय?" आप्पा म्हणायचे, "बेळगावला न्यायला उशीर झाला. गेली बिचारी." परशराम मान हलवायचा. माधवी आत चहा टाकायला जायची. चिक्की मेली, आणि मग तिचं मरण बी ह्यांनी धुऊन-पुसून ठेवलं. मी पिंजऱ्यातनं ओरडायचे. लोक म्हणायचे, "भूक लागली वाटतं."

परवा सदलग्यातनं कल्लाप्पाचा फोन आला. आप्पांचा मेहुणा. त्याच्या नातवानं सशाची जोडी आणलेली, दोघं खाजवून रक्त काढत हुते. फोन स्पीकरवर हुता, आप्पांना कमी ऐकू येतं.

"दाजी, तुमचं ते पाणी सांगा की. पाला किती घ्यायचा?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग भिंतीकडं. "पाला," ते म्हणाले, "मूठभर..."

अक्षतानं त्यांच्या हातातनं फोन काढून घेतला.

"आजोबा, मी अक्षता. ते पाणी लावू नका. ते लावलं की जनावर मरतंय. आमची चिक्की त्यानंच मेली, आप्पांच्या हातनं. दवाखान्यात न्या."

"व्हय काय?" कल्लाप्पा म्हणाला. "दाजी, खरं हाय हे?"

आप्पांनी न्हाय म्हटलं न्हाय. मग कल्लाप्पा म्हणाला, "बरं. नेतो," आणि फोन बंद झाला. आप्पा उठून अंगणात गेले. मला त्यांची दया आली का? न्हाय आली. यायला पाहिजे असं बी वाटलं न्हाय.

मित्रांनो, मी तुमच्याकडं प्रेम मागत न्हाय. प्रेम आम्हाला लई मिळालं, तेलात कालवून मिळालं. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असंल तर आठवड्यातनं एकदा तिचे केस उलटे फिरवून कातडी बघा. कोंडा, खपली, चट्टा दिसला की तिला डॉक्टरकडं न्या, आणि तिच्याबरोबर राहणारीला बी न्या. औषधाच्या आधी तिला काट्यावर ठेवा. चिक्की किती भरत हुती, हे आमच्या घरात आजतागायत कुणालाच सांगता येत न्हाय.