बाजूला उभा राहणारा फ्लॅश

मी फ्लॅश बोलतोय. दचकू नका, तुमच्या तोंडावर उडणार नाही. मला जुना म्हणा, चिकटवलेला म्हणा, चालेल. पण मेलेला म्हणालात तर ऐकून घेणार नाही. गेल्या दसऱ्यानंतर एकदा म्हणून झालंय, तेवढं बास!

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला, पण कामाला लागलो ते शाहूपुरीत, आकाराम फोटोग्राफरांच्या स्टुडिओत. त्यांनी मला कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलं आणि बारा वर्षं लग्नांत नाचवलं. नवरा-नवरी असो की पंगत, समोरून थेट तोंडावर उजेड. माणसं डोळे मिटायची आणि आकाराम ओरडायचे, "डोळं उघडा की पावणं!" अहो, उघडणार कसे? चूक माझी नव्हती, मला बसवलेल्या जागेची होती. पण बोलणी खाल्ली ती मीच.

चंदगडच्या एका लग्नात मी पडलो, पायाला तडा गेला आणि माझी रवानगी खणात झाली. तिथून मला बाहेर काढलं ते त्यांच्या पुतणीनं, संयोगितानं. तिनं पाय चिकटवला, मला स्टँडवर चढवलं, पुढं पांढरी छत्री लावली आणि माणसापासून चार हात लांब, बाजूला उभं केलं. मधे वायर नाही की काही नाही. माझ्या पोटावर एक लाल काच आहे. कॅमेऱ्यावरचा चिमुकला फ्लॅश जरासा लुकलुकला की त्या काचेतून मला दिसतं, आणि त्याच क्षणी मी पेटतो. छत्रीतून उजेड मऊ होऊन जातो, कुणाचे डोळे दिपत नाहीत. आकाराम हसले, म्हणाले, "घरात छत्री कोण उघडतं गं?" हसू देत. मला मात्र माझ्या कामाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आकारामांनी कॅमेरे, लेन्स, स्टँड सगळं पाटावर मांडलं. इतकी वर्षं मला खणात विसरलेला माणूस, पण त्या दिवशी एकदम माया दाटून आली. ओल्या हळदीवर कुंकवाचा जाड टिळा त्यांनी नेमका माझ्या लाल काचेवर थापला. लालावर लाल, कुणाच्या लक्षात येणार? दसरा झाल्यावर संयोगितानं मला तसंच पिशवीत घातलं आणि आम्ही आजऱ्याकडच्या एका गावी गेलो.

तिथल्या दूध संस्थेवर झुंबरबाई नावाच्या आजी चेअरमन म्हणून निवडून आल्या होत्या. आधीचे आठही चेअरमन पुरुष, त्यांचे फोटो भिंतीवर. आता बाईंचा लागायचा होता. पण बाईंचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नव्हता. फ्लॅश उडाला की पापण्या मिटल्याच! सेक्रेटरी सयाजीरावांनी तोड काढून ठेवली होती. जुन्याच फोटोवर त्यांनी कंप्युटरनं दुसऱ्या कुणाचे तरी डोळे चिकटवून आणले होते. फ्रेमवाला संध्याकाळी यायचा होता.

"दुसऱ्याचं डोळं न्हाय चालायचं," झुंबरबाई म्हणाल्या. "आन् मिटल्यालं बी नगं. मेल्यावर मिटायचंच हायत की!"

संयोगितानं मला खिडकीशेजारी उभं केलं. क्लिक. मी गप्प. पुन्हा क्लिक. तरी गप्पच. तिनं सेल बदलले, मला फिरवून बघितलं, पाठीवरचं बटण दाबलं. तेव्हा मी लख्ख पेटलो. पण कॅमेऱ्याचा इशारा काही मला दिसेना.

"मॅडम, मेलंय त्ये," सयाजीराव म्हणाले. "ठेवा गुंडाळून. कॅमेऱ्यावर हाय न्हवं बारका फ्लॅश? मारा समोरनं. डोळं आमी बसवतो."

मेलंय म्हणे! अरे, आत्ता पेटला तो कोण, तुझा आजा? राग असा आला की सांगता सोय नाही. पण संयोगिताचा चेहरा उतरला होता, आणि तिनं मला काढायला हात घातला. मला बाईंचं वाईट वाटलं. सगळा जन्म म्हशींच्या धारा काढून मिळवलेली जागा, आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं?

तेवढ्यात झुंबरबाई उठून माझ्याजवळ आल्या. "व्हय गं पोरी, वायर न्हाय तर ह्याला कळतंय कसं?"

"ही लाल काच आहे ना आजी, हिच्यातनं दिसतं त्याला."

बाईंनी काचेवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. "अगं, ह्याच्या डोळ्यावर कुकू थापलंय की! ह्यो मेला न्हाय, तुमीच आंधळा केलाय ह्याला!" त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि वासराचं तोंड पुसावं तसं मला खसाखसा पुसलं. मग जाऊन ताठ बसल्या.

क्लिक. या वेळी मी असा पेटलो की अख्खी छत्री उजळली. बाईंची पापणीसुद्धा हलली नाही.

सयाजीराव कॅमेऱ्यात डोकावले. "आलाय झ्याक. पर लई रागानं बघतायसा वो. जरा नरम चेहऱ्यानं दुसरा काढूया."

"ऱ्हाऊ दे," झुंबरबाई म्हणाल्या. "दुधात पाणी घालून कोण आत आला, तर त्येला कळाया पायजे, कुणीतरी बघतंय म्हणून."

संध्याकाळी फ्रेमवाला नवा फोटो छापून, फ्रेमीत बसवून घेऊन आला. खिळा कुठं मारायचा ते बाईंनीच दाखवलं. आठांच्या रांगेत नव्हे, सयाजीरावांच्या टेबलाच्या बरोबर समोर.

अजून लोक संयोगिताला म्हणतात, हा भंगारात काढ, नवीन घे. घ्या की, मी कुठं अडवलंय? पण त्याआधी एकदा त्या दूध संस्थेत जाऊन या. बाईंच्या नजरेला नजर द्या, आणि मग काढा मला भंगारात.