‘अहो’ हे पूर्ण नाव

“अहो हे आडनाव आहे की पहिलं नाव?” समुद्रापलीकडून त्या मुलीनं विचारलं.

फोरमननी फोन कानापासून लांब धरला आणि समोर बसलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता. मुलगा हसू दाबत होता.

मुलगी सावकाश, शब्द मोजून इंग्रजीत बोलत होती. तिचे वडील आठवड्यापूर्वी झोपेतच गेले होते. शनिवारी त्यांची शोकसभा होती. जवळच्या मित्रांची नावं एकेक करून घ्यायची आणि ज्याचं नाव निघेल त्यानं उभं राहायचं, असं ते स्वतःच सांगून गेले होते. लांबच्यांना पडद्यावर पाहता येणार होतं.

“बाबा तुम्हाला कायम अहोच म्हणायचे. पण त्या दिवशी नाव चुकायला नको. पूर्ण नाव नीट सांगा. उद्या पुन्हा फोन करते.”

तिचे वडील म्हणजे कारखान्यातल्या लोकांच्या तोंडचा ‘टर्बाइनवाला’. कागद कारखान्यात नवी टर्बाइन बसवायला तो परदेशातून आला, तेव्हा फोरमन मेंटेनन्सकडे नुकतेच रुजू झाले होते. दोघांची भाषा एक नव्हती, पण खोड एकच. शाफ्ट सरळ रेषेत येईपर्यंत दोघांच्याही घशाखाली घास उतरत नसे. यंत्राच्या पायाखाली केसाएवढी पत्र्याची शिम सरकवायची, डायल गेजचा काटा पाहायचा, मान हलवायची, शिम काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अशाने माणसं एक तर भांडतात, नाही तर जन्माची जोडली जातात.

एका सुटीच्या दिवशी फोरमननी त्याला घरी जेवायला नेलं. बायको स्वयंपाकघरातून हाका मारत होती. “अहो, पाहुण्यांना पाणी दिलंत का?” “अहो, जरा इकडे या.” टर्बाइनवाला कान देऊन ऐकत होता. दुसऱ्या दिवशी मशीनच्या घरघरीतून त्याची खणखणीत हाक आली.

“अहो! अहो, पाना!”

सगळं वर्कशॉप खो खो हसलं. म्हातारा वेल्डर तर चष्मा काढून डोळे पुसू लागला. “साहेब, वहिनींची बदली आपल्या खात्यात झाली म्हणायची!”

फोरमननी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा बायको आधी लाजेनं लाल झाली आणि मग पदराआड हसत राहिली.

“सांगू नका हं त्यांना. एवढ्या मायेनं हाक मारलीय बिचाऱ्यांनी.”

“अगं, पण चूक आहे ती.”

“असू दे की! तुमची सगळी मापं बरोबर असतात, एखादं चुकलं तर काय आभाळ कोसळेल?”

ती चूक राहिली ती राहिलीच. टर्बाइनवाला मायदेशी गेला, केस पिकले, दोघेही निवृत्त झाले. दर रविवारी दुपारी फोन वाजे आणि पलीकडून तीच हाक येई. बायको गेली त्या आठवड्यात तो नुसतं “अहो…” म्हणाला. बराच वेळ दोघं तसेच फोन धरून बसले होते. त्यानंतर त्या घरात ‘अहो’ म्हणणारं कोणी उरलं नाही. सून मुलाला ‘अरे’ म्हणते, मुलगा ‘बाबा’, शेजारी ‘काका’. सगळे आपलेच, त्यात वावगं काही नाही. पण ती एक हाक आता रविवारच्या फोनवरच येत असे.

“बाबा, उद्या तिला खरं नाव सांगून टाका,” मुलगा म्हणाला. “भरल्या सभेत कोणी आपली भाषा जाणणारा निघाला, तर हसं होईल.”

“होऊ दे.”

“तुम्हीच ना म्हणायचा, चूक दिसली की तिथल्या तिथे काढायची? शाळेत माझी वही फाडली होतीत तुम्ही!”

“अरे, कशाला त्यांच्या मागे लागतोस?” सून मध्ये पडली. “ठरवू दे की त्यांचं त्यांना.”

मुलाचं म्हणणं रास्त होतं. बाप गमावलेल्या पोरीला खोटं नाव सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण खरं नाव सांगायचं, तर त्या नावाच्या माणसाला टर्बाइनवाल्यानं कधी हाक मारलीच नव्हती. तो माणूस त्या सभेत उपराच ठरला असता.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

“माझं कागदावरचं नाव वेगळं आहे,” फोरमन म्हणाले. “पण तुझ्या वडिलांनी दिलेलं नाव अहोच. पूर्ण नाव तेवढंच.”

“त्याचा अर्थ काय?”

फोरमन जरा घुटमळले. “अर्थ काही नाही, बाळ. घरातलं माणूस हाक मारतं, तेव्हा तसं म्हणतं.”

पलीकडे ती हुंदका आवरत असावी. “मग तेच घेते,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी मुलानं टेबलावर लॅपटॉप लावून दिला. फोरमननी दाढी केली होती आणि इस्त्रीचा सदरा घातला होता. तिकडची सभा इथे दिसत होती, इथलं तिकडे काहीच दिसत नव्हतं. लांबट खोली, साध्या खुर्च्या, पुढे त्याचा फोटो. मुलगी नावं घेत होती आणि एकेक पांढरं डोकं हळूहळू उठत होतं.

“अहो,” ती म्हणाली. ‘हो’वरचा तो हेल थेट बापाचा होता.

फोरमन टेबलाला हात टेकून उभे राहिले.

“बाबा, तिथं दिसत नाही आपण,” मुलगा हलकेच म्हणाला. “बसा ना.”

पडद्यावर पुढचं नाव घेतलं गेलं, मग त्याच्या पुढचं. फोरमननी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ते तसेच उभे राहिले.