डाव्या खिशातला पाव

बेकरीवाल्याच्या घरी दोन गाढवं होती. हसू नका, त्याच्या गल्लीने तेवढं हसून घेतलेलं आहे. "आणि तिसरं कुठेय?" असं विचारून त्याच्याकडेच बघणारे विनोदी लोक सुरुवातीला बरेच भेटले. पण ही गाढवं बुटक्या जातीची, जेमतेम कंबरेला लागणारी, ओझी वाहायला नव्हे तर घरात हौस म्हणून आणलेली. करड्या रंगाचा, जन्मजात गंभीर चेहऱ्याचा तो मास्तर. आणि तपकिरी, कायम मास्तरच्या आड लपणारी ती चिमटी. एकटं गाढव झुरतं, आणायची तर जोडीच आणायची, हे बायकोने आधी नीट विचारून घेतलं होतं.

कामंही वाटून घेतलेली. बायको लीद काढायची आणि खुरांत अडकलेली घाण कोरून काढायची. मुलगी शाळेतून आली की ब्रश घेऊन दोघांची अंगं घासायची. सासूबाई पेंढा घालायच्या, पाण्याची बादली बदलायच्या. बेकरीवाल्याच्या वाट्याला काही उरलंच नाही. तो उजाडायच्या आत भट्टीवर जायचा, आणि परत यायचा तेव्हा बायको ऑफिसात, मुलगी शाळेत आणि सासूबाई आंघोळीला. घर सुनसान. फक्त कुंपणाशी मास्तर उभा असायचा, आणि याला बघताच असा काही गळा काढायचा की शेजाऱ्यांच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. या माणसाला घरी आल्यावर इतक्या आनंदाने दुसरं कुणी हाक मारत नव्हतं.

म्हणून एकदा त्याने खिशातला गोड पावाचा तुकडा मास्तरला दिला. मग रोजच कोटाच्या डाव्या खिशात कालचे उरलेले बन येऊ लागले. चिमटी लाजरी, ती काही पुढे यायची नाही, सगळा खुराक मास्तरचाच. गाढवांना पाव अजिबात घालायचा नाही, हे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, तेव्हा हा तिथेच उभा होता. जबाबदार माणसासारखी मानसुद्धा डोलावली होती. "एवढ्याशाने काय होतंय," असं त्याने नंतर स्वतःला समजावलं, आणि त्याची समजूत पटायला कधीच फार वेळ लागत नसे.

एका सुट्टीच्या सकाळी मास्तर उठला नाही. चिमटी त्याच्या डोक्याशी उभी, तोंडासमोरचा पेंढा तसाच. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी चारही खूर चाचपले, मग मान दाबून पाहिली.

"खुरांच्या आत सूज आहे. आणि ही मानेवरची चरबी बघा, लाकडासारखी घट्ट झालीय. याला कुणीतरी गोडधोड, पिठाचं घालतंय. खुरातलं हाड खाली सरकलं तर मी काही करू शकणार नाही. मग याला कायमचं झोपवायचं इंजेक्शनच द्यावं लागेल."

मुलीने हुंदका दिला. बायकोने एकेकाकडे बघितलं. "कोण घालतंय?"

बेकरीवाला चिमटीकडे बघू लागला. तेवढ्यात सासूबाईच चाचरत म्हणाल्या, "मी... सफरचंदाची सालं देते कधीकधी. अगदी थोडी."

"आई! किती वेळा सांगितलं तुला!"

आता तरी बोलावं की नाही माणसाने? बोलला. पण काय बोलला? "जाऊ दे गं," तो बायकोला म्हणाला, "वय झालंय त्यांचं."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण निघालं ते निघालंच.

त्यानंतर सासूबाई गोठ्याकडे फिरकल्या नाहीत. पेंढा मुलगी घालू लागली, पाणी बायको. सासूबाई खोलीत बसून आपल्या हातांकडे बघत राहायच्या. जेवताना म्हणाल्या, "धाकट्याकडे जाऊन राहते जरा. इथे राहिले तर हात शिवशिवतील, आणि माझ्या हातांचा आता मलाच भरवसा नाही." बेकरीवाला ताटावरून उठला. त्या दिवसापासून तो मागच्या दाराने येऊ-जाऊ लागला, मास्तरला दिसू नये म्हणून. एका गाढवाला तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती, आणि घरातल्या माणसांना मात्र तो रोज दाखवत होता.

सासूबाई निघायच्या दिवशी बायको आणि मुलगी गोठ्यात होत्या. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या, आपणहून उठला तर आशा आहे. बायकोने गोंजारून पाहिलं, मुलीने विनवण्या केल्या. मास्तर ढिम्म. सासूबाई कुंपणाबाहेरूनच त्याचा निरोप घेत होत्या. त्यांची बॅग उचलायला बेकरीवाला तोच कोट घालून आला, आणि त्याची पावलं ऐकून मास्तरचे कान उभे राहिले.

आधी पुढचे पाय सरसावले. मग सगळं अंग थरथरलं. अंगाचा भार मागे टाकत, काचांवरून चालल्यासारखा एकेक पाय ठेवत तो याच्याकडे आला.

"बाबा, तुझ्यासाठी उठला तो!" मुलगी टाळ्या पिटत ओरडली.

बायकोने डोळे पुसले. "केवढा जीव आहे रे त्याचा तुझ्यावर! आम्ही इतकं करतो, आमच्यासाठी नाही उठला."

मास्तरने नाक सरळ डाव्या खिशात घातलं. उजव्याकडे त्याने बघितलंही नाही. अजूनही कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. गप्प राहिला असता तर बेकरीवाला त्या दिवशी घरातला हिरो ठरला असता. पण त्या दुखऱ्या पायांवर ते जनावर पाव शोधत होतं, त्याच पावासाठी जो त्याला मारत होता, आणि हे बेकरीवाल्याला सहन होईना.

"आई, बॅग ठेवा खाली," तो म्हणाला. "सालांनी काही झालेलं नाही. मी पाव घालत होतो. रोज." आणि त्याने खिसा उलटा केला. भुगा कुंपणाच्या आत, मास्तरच्या पायाशी पडला.

कुणी काही बोलायच्या आत मास्तरने मान खाली घातली. पण त्याचं तोंड भुग्याला लागायच्या आधी सासूबाई धावल्या. कुंपणाचं फाटक ढकलून आत आल्या, भुग्यावर पाय ठेवला, मग खाली बसून एकेक कण तळहातावर गोळा करू लागल्या. वर न बघताच म्हणाल्या, "आणि वर तुम्ही म्हणालात, वय झालंय त्यांचं."

 बायकोने बेकरीवाल्याच्या अंगातून कोट ओढून काढला आणि घरात घेऊन गेली. सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, बादलीत डोकावल्या.

"पाणी बदललं नाही वाटतं आज कुणी," त्या म्हणाल्या, आणि बादली घेऊन नळाकडे गेल्या.

मास्तर तिथेच उभा होता. खिसा गेला तरी तो बेकरीवाल्याचा रिकामा हात चाटत राहिला.