मंगलचा बोअर

"गाडी मागं घे बे! न्हाईतर काच जाग्यावर ऱ्हाणार न्हाई," बजरंग ओरडला आणि त्यानं बोअरच्या गाडीवर काठी आपटली.

युसूफ वडगावच्या शिवारात, रस्ता अरुंद होतो तिथं बजरंगसह गावातल्या पंधरा-वीस जणांनी गाडी अडवली होती. ड्रायव्हरनं काचा वर घेतल्या होत्या. गाडीपुढं मंगल उभी होती, पदर कमरेला खोचून. तिचा नवरा अजिनाथ तिला हाताला धरून बाजूला ओढत होता, पण ती हलत नव्हती. दोघं दरसाल ऊसतोडीला जायचे. कोयत्याच्या कमाईतून मागं टाकलेले पैसे घेऊन ती आपल्या एकरभर रानात पहिला बोअर घ्यायला निघाली होती. आणि मागच्याच महिन्यात ग्रामसभेनं ठराव केला होता : जमिनीतलं पाणी संपत आलंय, नवा बोअर कुणीच घ्यायचा नाही.

ठराव मांडणारे आप्पा कडेला लिंबाच्या सावलीत उभे होते. ते माजी सरपंच. शहरातल्या एका पर्यावरण संस्थेनं त्या ठरावासाठी त्यांना शालही दिली होती.

वनमाला केजहून स्कूटीवर परतत होती. गर्दी पाहून तिनं गाडी लावली. ती आप्पांची सून. नवरा विजयसिंह वारल्यापासून घरात ती आणि सासरे दोघंच. केजच्या कॉलेजात ती अर्थशास्त्र शिकवायची. 'सगळं संपणार' असं कुणी भाषणात म्हणालं की तिचा ठरलेला प्रश्न असे, "कुणाचं संपणार?" मुलांना ती सांगे, की टंचाईची भीती घालून बंदी आली, की ज्याच्याकडं आधीच आहे त्याचं फावतं. वस्तूला किंमत लावा, माणूस आपोआप जपून वापरतो, दुसरी वाट शोधतो. पण ठरावाच्या दिवशी ती आप्पांच्या शेजारी बसून होती आणि तोंडातून शब्द काढला नव्हता.

"म्याडम, तुमी तरी सांगा," मंगल म्हणाली. "आमी काय चोरी करायलोत का?"

सगळे वनमालाकडं पाहू लागले. ती सासऱ्यांकडं वळली.

"आप्पा," ती म्हणाली, "आपले सहा बोअर आहेत."

"ते ठरावाच्या आदीचे हायत."

"म्हणजे आपण आधी पोचलो, एवढंच. पाणी वाचवायचं असेल तर सगळ्यांच्या बोअरला मीटर लावा. पहिला आपल्या. जास्त उपसेल त्यानं जास्त भरावं. नसेल जमत, तर हिलाही पाडू द्या."

"वनमाला, घरी चल."

"एका बोअरनं गावाचं पाणी आटत नसतं, आप्पा."

बजरंग तिच्या अंगावर येऊ लागला. आप्पांनी हात आडवा घातला. त्यांचा चेहरा काळवंडला होता. चार लोकांत सुनेनं असं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"जाऊ द्या गाडी," ते म्हणाले. "म्याडमचं अर्थशास्त्र बगू एकदा."

दिवसभर शिवारात मशीन घरघरत राहिली. पांढरा धुरळा उडत होता आणि मंगल बांधावर उकिडवी बसून त्याकडं बघत होती. वनमालाही घरी गेली नाही. पाणी लागलं नाही तर या बाईला तोंड कसं दाखवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. उन्हं कलताना धुरळा ओला झाला, मग गढूळ पाण्याचा लोट वर उसळला. मंगल त्यात भिजत रडली.

आप्पांनी सुनेशी बोलणं टाकलं. ताट ती वाढायची, ते मान खाली घालून जेवायचे.

आठवडा उलटला असेल. मोसंबीच्या बागेतली मोटर गुळण्या टाकू लागली. थोडं पाणी, मग नुसती हवा. विजयसिंहची ही बाग मंगलच्या रानाला लागूनच होती. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "एका बोअरनं आटत नसतं म्हनली होतीस. इजूची बाग हाय ती."

वनमालानं पायात चपला सरकवल्या. तिचा अंदाज चुकला होता. मंगलला अडवायला नको होतं, हे मात्र तिला आजही तितकंच खरं वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकदम छातीत घेऊन ती बागेत गेली.

कुंपणापलीकडून मंगलनं हाक मारली. "म्याडम, आमच्या बोअरचं घ्या की. पाइप टाकते. पैशाचं नाव काडू नका."

"नको, मंगल. फुकटचं असलं की मी सगळी बाग भिजवीन. तुझं रान कोरडं पडेल."

"मंग झाडं?"

"जेवढी जगतील तेवढी."

या बोअरचं उरलेलं पाणी निम्म्याच बागेला पुरणार होतं; बाकीचे पाच लांबच्या रानांत होते. तिनं ओळी पाहिल्या. रस्त्याकडची झाडं नवी होती, पुढं कितीतरी वर्षं फळ देणारी. आतली जुनी. ती खाली बसून जुन्या ओळींच्या ठिबकचे कॉक बंद करू लागली.

काठी टेकत आप्पा मागं येऊन उभे राहिले.

"ह्या ओळी कावून? त्या कडंच्या बंद कर."

"कडेच्या तरण्या आहेत, आप्पा. या आता थकल्यात."

"इजूनं सवताच्या हातानं लावल्यात ह्या."

"माहीत आहे मला."

शेवटच्या ओळीचा कॉक क्षार धरून गच्च बसला होता. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, बोटं सोलवटली, पण तो फिरेना. ती तशीच बसून राहिली. मग आप्पांनी काठी खाली ठेवली, गुडघ्यावर हात देत तिच्याशेजारी बसले. धोतराचा सोगा कॉकवर गुंडाळून त्यांनी तो हळूहळू पिळत आणला. नळीतली सळसळ थांबली.

आप्पांनी हात मात्र लगेच काढला नाही.