समद्यांना चूलबंद

“शाळेच्या अंगणात आज सांजच्याला जेवण हाय. घरातल्या समद्यांना चूलबंद!”

रामकिसनच्या उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि चतुराबाईची जीभ जागच्या जागी थबकली. हे गावातलं शेवटचं घर. याच्या आधी एकशेचाळीस उंबऱ्यांवर ती हेच बोलून आली होती.

काय बोलायचं ते प्रभावती मॅडमनं सकाळी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. ‘घरटी एक कुपन, कुपन वीस रुपयाला.’ शाळेमागच्या अर्ध्या एकरात पोरांनी पेरायचं, उगवेल ते शिजवायचं, ज्वारीचं कणीस कसं निसवतं आणि भाकर कशी फुगते ते तिथंच शिकायचं, असं मॅडमच्या मनात होतं. शाळेत खिचडी शिजायला लागून वर्ष झालं होतं, पण खिचडीतला वाटाणा वेलीला लागतो की झाडाला, यावरून चौथीत मारामारी झाली होती. जागेला तारेचं कुंपण हवं होतं. सरपंच कारभारी म्हणाले होते, दिवाळीपर्यंत कुंपण झालं तर जागा शाळेची, नाहीतर तिथं दुकानांचे गाळे. त्या कुंपणासाठी हे जेवण होतं, आणि चतुराबाईनं अख्खं गाव फुकट जेवायला बोलावून ठेवलं होतं.

चूक तिची म्हणावी, तर तीस वर्षांच्या सवयीची. नवरा गेल्यापासून गावातल्या लग्नाकार्याचं आवतण तीच देत आली होती. तळहातावर अक्षता आल्या की पाय आपोआप चालू लागायचे, डोळे अर्धे मिटायचे, आणि एकेक उंबरा पाण्यावरून आल्यासारखा तिच्याकडे तरंगत यायचा. या दारात पैंजण वाजवत शिरलेली नवरी आता सुपात डाळ पाखडत बसलेली असायची. त्या दारातलं पागोटं कधीच गेलेलं, खुंटी तेवढी राहिलेली. लहान कार्य असलं की ‘घरटी एक’. मोठं असलं की ‘चूलबंद’, म्हणजे त्या घरात त्या वेळी चूल पेटवायचीच नाही, पाळण्यातल्यापासून काठीवाल्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. पोरांच्या शाळेचं जेवण जिभेला मोठं वाटलं. जिभेनं चतुराबाईला विचारलं नाही.

विहाराकडच्या गल्लीत साहेबरावांनी तर तिला थांबवलंच होतं.

“चूलबंद? आमच्या गल्लीत? तीस वर्सांत पहिल्यांदा आलीस चतुराबाई, आन् आलीस ती एकदम चूलबंद घेऊन!”

ते हसले होते. पण मग आत जाऊन त्यांनी बायकोला ते पुन्हा, शब्दन् शब्द म्हणून दाखवलं होतं.

आता रामकिसनची बायको सोनूबाई दारात परात घेऊन उभी होती. “आज्जी, मंग म्या पीठ मळू का नको?”

“नको मळू.” चतुराबाई क्षणभर त्या परातीकडे बघत राहिली. “सोनूबाई, सांजच्याला तुला जवारी किती लागती गं?”

“लागती की दोन मापटी.”

“ती आज डब्यातच राह्यली ना?”

“राह्यली.”

“मंग ती संगं घेऊन ये. चूलबंदाचं दाणं घरात ठेवू नई बाई, शाळेच्या अंगणात टाकावं.”

असा काही रिवाज नव्हता. चतुराबाईनं तो तिथंच, उभ्या उभ्या तयार केला. मग फिरली आणि एकशेचाळीस उंबरे उलट्या दिशेनं पुन्हा चालली.

मॅडमनं ऐकलं आणि त्या शाळेच्या पायरीवर बसल्याच. “आज्जी, पिठलं शंभर माणसांचं आहे हो!”

“पाणी घाला. पिठल्याला कुठं कळतंय.”

दिवस मावळता मावळता माणसं आली. पदरात, टोपीत, डब्यात, एकानं तर हेल्मेटात ज्वारी आणली. पोरांनी ताडपत्री अंथरली होती, तिच्यावर दाणे सांडत राहिले. त्या आवाजात बोलणंसुद्धा हळू झालं. साहेबरावांनी एक छोटं गाठोडं वेगळं ठेवलं. “हे इकायचं न्हाई, मॅडम. जुनी दगडी जवारी हाय. पोरांना पेरू द्या.”

कारभारी सहकुटुंब आले. गुडघ्याएवढ्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिले.

“समद्या गावाचं दाणं पडलं जिथं, तिथं म्या गाळे बांधू? उद्या कोन तोंड बघंल माझं? दाणं इकून तार आणा. खांब माझ्याकडून.”

पहिली पंगत बसली तशी चतुराबाई मागच्या मागे निघाली. दर कार्यात ती अशीच निघायची. आवतण देणारीला आवतण देणार कोण? आणि बिनबोलावता पंगतीला बसू नये, हे तिच्या आईनं शिकवलेलं. मागाहून कुणीतरी ताट झाकून पाठवायचं. कधी विसरायचंही.

घरी येऊन तिनं चूल पेटवली, पीठ मळलं. भाकर तव्यावर पडली आणि दारात सावली आली.

“आज्जी, शाळेच्या गच्चीवरून बघितलं,” मॅडम धापा टाकत म्हणाल्या. “अख्ख्या गावात धूर एकच. तुमचा.”

“माझी भाकर व्हय ती. तुमी जा, पंगत खोळंबंल.”

मॅडम आत आल्या. कोनाड्यातल्या ताटात सकाळच्या चार अक्षता उरल्या होत्या. त्या त्यांनी उचलल्या, उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

“शाळेच्या अंगणात जेवण आहे. चूलबंद.”

“आसं न्हाई,” चतुराबाई हळूच म्हणाली. “घरातल्या समद्यांना म्हणायचं.”

“घरातल्या समद्यांना चूलबंद.” मॅडमनं वाकून अक्षता उंबऱ्यावर ठेवल्या.

आवतण आलं की घरधनीण मागं वळून घरात बघते. चतुराबाईनं तीस वर्षं बघितलं होतं ते. तिनंही वळून बघितलं. तवा होता. चुलीशी मांजर होतं. भिंतीला खुंटी होती.

“सांगते समद्यांना,” ती म्हणाली.

मग तिनं तांब्यातलं पाणी चुलीवर शिंपडलं. गाडग्यातली मापटंभर ज्वारी पदरात घेतली. मांजराला भाकर मोडून घातली, अर्धी कच्ची होती तरी, आणि दार ओढून घेतलं.