भरावावरचा तरोटा

गुडघ्याला लागलेल्या कापसाच्या दोन ओळी अण्णारावानं आपल्या हातानं उपटल्या आणि बांधावर ढीग केला. गड्याला सांगितलं असतं तर गड्यानं गावभर केलं असतं. या दोन ओळी त्यानं कालच मनात खर्ची टाकल्या होत्या. जमेच्या बाजूला रेल्वेचा जुना भराव होता. सव्वा एकर, आणि तोही त्याच्याच रानाच्या मधोमध.

निजामाच्या काळात आजोबाच्या रानाचे दोन तुकडे करून हा भराव उभा राहिला. पुढं गाडी पलीकडच्या सरळ मार्गानं जायला लागली, रूळ उचलून नेले, खडी ज्याला जमली त्यानं नेली. अण्णारावाच्या गोठ्यातही थोडी होतीच. उरला तो मातीचा उंचवटा. त्यावरून बौद्ध वस्तीतली माणसं इस्लापूरला जात. पोरं शाळेला, बाया बाजाराला, म्हातारा पंढरी विहारात. दुसरी वाट नाल्याच्या अंगानं, लांबच्या वळशाची, आणि नाल्याला पाणी चढलं की तीही बंद.

आता जिल्ह्याच्या कचेरीतून निघालं होतं की जुना मार्ग राखायचा, जवळच्या धबधब्यापर्यंत सगळ्यांसाठी पायवाट करायची, कडेनं झाडं लावायची. अट एकच. माणसांची ये-जा दिसेल तिथं पायवाट. दिसणार नाही तो तुकडा लगतच्या शेतकऱ्याला कसायला. पावसाळा सरता सरता साहेब पाहणीला येणार होते.

वाट अडवावी तर भांडण होणार, भांडण ठाण्यात जाणार, आणि ठाण्याच्या कागदावर पहिल्याच ओळीत ‘इथून माणसं जातात’ असं येणार. अण्णाराव इतका कच्चा नव्हता. तीन पिढ्यांत वस्तीच्या माणसाला ज्या रानात पाऊल टाकू दिलं नव्हतं, ते रान त्यानं उघडून दिलं.

सांगायला तो स्वतः वस्तीवर गेला. पंढरीची सून पंचशीला अंगणवाडी चालवायची. तिचा शब्द वस्तीत चालतो हे त्याला ठाऊक होतं.

“ताई, भरावावर जनावरं निघून राहिली. परवा हे एवढं लांब पाहिलं म्या. लेकराबाळांची वाट हाय. माझ्या रानातून जात जा, जवळबी पडतं.”

पंचशीलानं हातातली खिचडीची पळी खाली ठेवली.

“काका, यंदा काही नवस बोलला होता का?”

“माणसानं माणसाला वाट द्यायला नवस कशाला पाह्यजे?”

हे वाक्य त्याचं त्यालाच इतकं आवडलं, की घरी येताना त्यानं ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

वस्तीत दोन संध्याकाळी बोलणं झालं. पंचशीलाचं म्हणणं, फुकटचं दूध मांजरालाही पचत नाही. पण आषाढाची झड लागली होती, भरावावर घसरण झाली होती, आणि अण्णारावानं रानातल्या वाटेवर मुरूम टाकून ठेवला होता. आधी पोरं गेली, पोरांमागं बाया. सगळ्यात शेवटी पंढरी निघाला. बांधापाशी त्याचा हात सवयीनं चपलांकडं गेला. मग कमरेवर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला, आणि चपला घालूनच आत शिरला.

वाट रानातल्या आखाड्यावरून, गोठ्या-छपराजवळून जायची. तिथं अण्णारावाची आई केवळाबाई दिवसभर बसलेली असे. डोळे गेलेले, घरात करमत नाही, म्हणून सकाळी तिला आखाड्यावर आणून बसवायचं आणि दिवेलागणीला घरी न्यायचं, असा रिवाज पडला होता. पायांचा आवाज आला की ती मान वर करी.

“कोन हाय?”

“पंढरी.”

“कोन्ता पंढरी? वस्तीवरला?”

“हाव, आई.”

मग चाचपत रांजणाकडं वळून तिनं तांब्या भरला. पंढरीनं जुन्या सवयीनं ओंजळ पुढं केली. याच बाईनं तरुणपणी त्याच्या ओंजळीत वरून, हातभर अंतर राखून, पाणी ओतलं होतं. पण आता तिला ओंजळ दिसत नव्हती. तिनं तांब्या तसाच हवेत धरून ठेवला. शेवटी पंढरीनं तो दोन्ही हातांनी घेतला.

त्यानंतर रोज तो जाताना थांबायचा, येताना थांबायचा. बोलणं फार नव्हतं. कोण मेलं, कुणाची सून नांदेना, गुडघ्याला कुठलं तेल चांगलं. एकदा अण्णारावाला लांबून आईचं हसणं ऐकू आलं. औत थांबवून त्यानं कान दिला, आणि पुन्हा बैलांना हाक मारली. भरावाकडं त्याचं रोज लक्ष होतं. तिथं पावसाळी तण माजलं, तरोटा गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत. त्याला पिवळी फुलं आली तेव्हा एवढं देखणं पीक आपल्या रानात दुसरं नाही असं त्याला वाटून गेलं.

साहेब आले ते घट बसायच्या आधी. बुटाच्या टोकानं त्यांनी तरोटा बाजूला करून पाहिला. खाली माती मऊ होती, पावलाचा ठसा नव्हता. तेवढ्यात पंचशीला धापा टाकत आली.

“साहेब, ही आमची वाट हाय. लई वर्सापासून.”

“मग हा तरोटा कसा काय?”

तिनं तरोट्याकडं पाहिलं. मग अण्णारावाकडं. तो आभाळाकडं बघत होता.

“सध्या कुठून जाता तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

थाप मारायला जागा होती. पण मागं रानातल्या मुरमावरून दप्तरं घेतलेली पोरं येत होती, आणि अंगणवाडीत त्यांनाच तिनं खरं बोलायला शिकवलं होतं.

“यांच्या रानातून,” ती म्हणाली.

“आमची वाट खुली हाय त्यांना,” अण्णाराव म्हणाला.

साहेबांना बरं वाटलं. असा सलोखा हल्ली दिसत नाही म्हणाले.

“मग तेवढं लिहून घ्या साहेब. वाट खुली हाय म्हणून,” पंचशीला म्हणाली.

ते त्यांच्या कामात येत नव्हतं. त्यासाठी तहसीलला वेगळा अर्ज करावा लागेल असं त्यांनी समजावून सांगितलं, आणि चहा न घेताच गेले.

दसरा झाला, भराव कसायला मिळाल्याचा कागद आला, तसा अण्णारावानं वाटेवरचा मुरूम ओढून काढला, औत घातलं आणि हरभरा पेरला. पंचशीला बांधावर आली, पण आत शिरली नाही.

“काका, वाट?”

“पेरलंय की बाई. पीक निघू द्या.”

पावसाळाभर तो ताई म्हणत होता, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

“निघालं की दुसरं पेराल,” ती म्हणाली आणि वळली.

भराव सपाट करायला मशीन आलं. दिवसभर त्याचा आवाज असायचा, तोवर केवळाबाई काही बोलायची नाही. आवाज थांबला की विचारायची, पंढरी का येईना. अण्णारावानं सांगितलं, लेकीकडं गेलाय, उमरखेडला. तिनं मान हलवली, आणि तरीही तांब्या भरून ठेवला. भाकरी मात्र तिनं अर्धी ठेवली. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळीच.

आठवडाभरानं एका संध्याकाळी अण्णाराव आखाड्याकडं आला तो पाय घासत, चपला ओढत. थोडा खोकला.

केवळाबाईनं मान वर केली. “पंढरी?”

“हाव,” तो घसा दाबून म्हणाला.

तिनं तांब्या पुढं केला. त्यानं घेतला, पाणी प्यायला, तांब्या परत दिला. तिनं तो मांडीवर घेतला आणि त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

“त्यो दोन्ही हातानं घेतो रे, अण्णा,” ती म्हणाली.

अण्णाराव तिच्या हातातला तांब्या रांजणावर ठेवून आला. मग तिला हाताला धरून घरी घेऊन गेला.

भराव आता रानाच्या पातळीला आला आहे. वस्तीतली पोरं नाल्याच्या वळशानं जातात. पाणी चढलं की जात नाहीत. पंढरीला तेवढं चालवत नाही, तो वस्तीच्या तोंडाशी दगडावर बसलेला असतो. केवळाबाई आखाड्यावर तांब्या भरून ठेवते आणि संध्याकाळी चाचपून ओतून देते. अण्णारावाची खर्चाची बाजू मात्र अजून तेवढीच आहे, कापसाच्या दोन ओळी. त्याही हरभऱ्यात भरून निघाल्या.